इम्प्लांट किडत नाही, पण हाड जातं

इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, तो किडणार नाही हे खरंच आहे, आणि म्हणूनच लोक निर्धास्त होतात. एकदा पैसे भरले, दात बसला, विषय संपला. पण खराब होतं ते त्याच्या आजूबाजूचं, आधी हिरडी आणि मग हाड.

नुसती हिरडी सुजलेली असते, ब्रश लागला की रक्त येतं पण हाड शाबूत असतं, तेव्हा त्याला पेरि-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात आणि नीट साफसफाई केली तर ते बरं होऊ शकतं. त्याला वेळ लागतो बरं का, आठ दिवसात होत नाही. हाड झिजायला लागलं की पेरि-इम्प्लांटायटिस, आणि ते गेलेलं हाड परत मिळवणं फार अवघड काम आहे. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात, इम्प्लांटला ते नुसते समांतर टेकून असतात, शिवाय रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे जंतू आत शिरले की सूज खोलवर जाते. दुखत मात्र बहुतेकदा नाही, हीच गोची आहे.

आता धोका कोणाला जास्त? २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून हिरड्यांच्या आजारांचं नवीन वर्गीकरण केलं, त्यात तीन गोष्टींचा पुरावा भक्कम धरला गेला: पूर्वी झालेला जोराचा पायोरिया, प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, नीट न काढणं आणि फॉलोअपला न येणं. पहिली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बघा, ज्याचे दात पायोरियाने पडले तोच माणूस इम्प्लांट लावायला येतो, दात गेले पण बाकीच्या दातांभोवतीचे जंतू तिथेच आणि शरीराची तशी प्रतिक्रिया द्यायची सवयही तीच, मग आधी हिरड्यांचे उपचार न करता घाईने स्क्रू बसवला तर काय होणार? अशी घाई पेशंटला असते, आणि खरं सांगायचं तर कधीकधी डॉक्टरलाही.

सिगारेट आणि डायबेटिसबद्दल तुम्ही विचारणार, माहितीये. त्या वेळी त्यांच्याबद्दलचा पुरावा एकमुखी नव्हता, काही अभ्यासांत संबंध दिसला तर काहींत नाही. म्हणून ओढत राहा असं कोणी समजू नये, सिगारेटने जखम भरायला वेळ लागतो, आणि ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं म्हणजे धोक्याची खूणच दबते. शुगर कंट्रोलमध्ये आणूनच सर्जरी करावी, याबाबत मी तरी तडजोड करत नाही.

एक बाजू पेशंटच्या हातातच नसते. कॅप, म्हणजे स्क्रूवर बसणारा दात, चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथे जंतूंना आयती जागा मिळते, म्हणून शक्य तिथे मी स्क्रूने बसणारी कॅप पसंत करतो. इम्प्लांट वाकडा बसला किंवा कॅप इतकी फुगीर केली की दातांच्या फटीत घालायचा छोटा इंटरडेंटल ब्रश आतच जात नाही, तर पेशंटला ‘तुम्ही ब्रश करत नाही’ म्हणून ओरडण्यात काय अर्थ आहे, घासायला जागा तर द्या! कॅप बसवली त्याच दिवशी आरशात बघून, ब्रश कुठून घालायचा ते पेशंटकडून करून घ्यायचं, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

आणि कॅप बसल्यावरचा एक्स-रे जपून ठेवा, मागून घ्या हवं तर. पुढे हाड किती उतरलं हे ठरवायला तोच आधार लागतो. तो नसेल तर मग हिरडी आणि इम्प्लांटच्या मधला ६ मिलिमीटर किंवा जास्त खोल खिसा, ३ मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं आणि प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) घातल्यावर रक्त किंवा पू, असे निकष लावावे लागतात, म्हणजे कळेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. प्रोब लावल्याने इम्प्लांट बिघडतो अशी एक भीती लोकांमध्ये आहे, हलक्या हाताने लावला तर काही होत नाही. उलट फॉलोअपला जाऊन कोणी प्रोब लावलाच नाही तर तुम्हीच विचारा, का नाही लावला.