चानकात लागलेला दगड

मित्रहो, नागपूर जिल्ह्यात विहीर खणणारा माणूस तुम्हाला न विचारता सांगेल : वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे अर्धवट झिजलेला मऊ दगड, आणि शेवटी काळा पाषाण. कोळशाच्या खाणीचं उभं विवर, ज्याला खाणीतली माणसं चानक म्हणतात, तीही एक विहीरच. फरक एवढाच की विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटतो, चानकाला पाणी लागलं की झोप उडते.

जुन्या काळी हे काम हातानं चालायचं. तळाशी मूठभर माणसं. जंपरनं, म्हणजे लांब पहारीनं, भोकं पाडायची, सुरुंग ठासायचा, वात पेटवून डोलात, म्हणजे दोराला टांगलेल्या मोठ्या बादलीत, बसून वर यायचं. धूर निवला की परत खाली, फुटलेला दगड डोलात भरायचा. काही फूट उतरलं की भोवतीनं विटांचं बांधकाम. हे बांधकाम नीट ध्यानात घ्या. उघडा दगड खोदणाऱ्याला तेवढे चार दिवस दिसला. वीट चढली की तो पुन्हा कुणालाच दिसणार नाही.

आता माझ्याबरोबर खाली उतरा. आपण कामठीकडून पश्चिमेला, सावनेरच्या बाजूला आहोत असं धरू. माती-मुरूम संपला की काळा पाषाण, म्हणजे लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सीताबर्डीची टेकडी याच दगडाची. तो एकसंध नसतो. एक थर ओतला गेला, थंड झाला, वर्षं गेली, मग दुसरा आला. मधल्या काळात कुठे गेरूसारखी तांबडी माती तयार झाली, कुठे तळी साचली. नागपूरच्या आपल्या टाकळीला अशाच मधल्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले आहेत. पाषाण संपला की लॅमेटा नावाचा थर : चुनखडीचा, फिकट, कुठे हिरवट चिकणमातीचा थर. वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली ती याच थरात.

आणि मग घणाचा आवाज बदलतो. खाली वाळूचा दगड असतो, तांबूस, पिवळा, लोखंडाच्या गंजानं माखलेला. हा कामठीचा दगड. भूशास्त्रात या थराला नावच आपल्या कामठीचं आहे. वरचा लॅमेटा साधारण सात कोटी वर्षांपूर्वीचा, हा पंचवीस कोटींच्या आसपासचा. दोघांच्या मधे तळहातानं झाकता येईल अशी एक रेघ, आणि त्या रेघेत अठरा कोटी वर्षं. डायनासोर जन्माला आले, त्यांचा बहुतेक सारा काळ सरला, आणि इथे त्याची मूठभर मातीसुद्धा उरली नाही. जे साचलं असेल ते धुऊन गेलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या खाणीच्या कार्यालयात मला चानकाचं रजिस्टर पाहायला मिळालं. सोबत कापडी ट्रेसिंगवर हातानं रंगवलेला उभा छेद होता. पाषाण निळसर, वाळूचा दगड पिवळा, कोळसा काळ्या शाईचा. त्या रेघेपाशी लिहिणाऱ्यानं एवढंच नोंदवलं होतं की दगड बदलला आणि पाणी वाढलं. अठरा कोटी वर्षांचा हिशेब त्याला ठाऊक नसेल, पण जागा त्यानं फुटात अचूक धरली होती. पुढे ते रजिस्टर रद्दीत गेलं. मला ते आजही सलतं. नव्या बोअरहोलमधून मनगटाएवढ्या जाडीचा दगड वर येतो. चानकात माणूस त्या दगडाच्या पोटात उभा होता. म्हणून विनंती करतो, वाडवडिलांच्या पेटीत असा एखादा कागद असेल तर फेकू नका.

कामठीच्या दगडात पाणी एका फटीतून येत नाही. सगळ्या अंगाला घाम फुटावा तसं येतं. पंप थांबला की काम थांबलं. पण पाहण्यासारखंही इथेच आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे नागपुरात आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिलेवाड्याच्या वाळूच्या दगडात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची दगडात उमटलेली पानं गोळा केली. जिभेच्या आकाराचं पान, मधे ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. हीच वनस्पती गाडली जाऊन दबली की कोळसा. पुढे त्याच सिलेवाड्याखाली कोळशाची खाण झाली. पान वर दगडात होतं, कोळसा खाली अंधारात. कामठीच्या थरानं झाकलेला असल्यानं या भागात कोळसा बहुतेक ठिकाणी जमिनीवर दिसतच नाही.

कामठीच्या खाली मोतूर नावाच्या थराची रंगीत चिकणमाती लागली तर ती ओलांडायची. मग बराकर, कोळसा ज्यात असतो तो थर : पांढुरका-करडा वाळूचा दगड, काळपट शेल, पुन्हा वाळू. डोलात येणारा चुरा काळवंडायला लागतो, आणि एक दिवस दगडाऐवजी चकाकणारा तुकडा वर येतो.

त्याच्याही खाली तालचीर नावाचा थर आहे, हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा आणि हिरवट मातीचा थर. तिथवर चानक कोणी नेत नाही. कोळशाखाली काही फूट आणखी खोदतात, तेही झिरपलेलं पाणी साठवायला, पंपाची नळी बुडेल एवढंच.