टपोरा दाणा आणि उगवण

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. सोयाबीनचं बियाणं घ्यायला गेलो की आपण मूठभर दाणे हातावर घेतो. दाणा टपोरा दिसला की वाण चांगला, असं ठरवूनच टाकतो. पण टपोरेपणाची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

सोयाबीनचा पूर्वज म्हणजे चीनकडचा एक रानवेल. त्याचे शंभर काळे, बारीक दाणे 2 ग्रॅमच्या आसपास भरतात. आपल्याकडच्या वाणांचे 10 ते 14 ग्रॅम. शेतकऱ्यांनी हजारो वर्षं चांगलं बी निवडून ठेवलं, त्याचं हे फळ. त्यामागची जनुकं कोणती, हे मात्र अलीकडे कळू लागलं. 2010 साली सोयाबीनचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि शोधाला वेग आला. 2020 मध्ये चिनी संशोधकांनी 'स्वीट-10' या जनुकांच्या जोडीचं काम उलगडलं. दाण्याच्या सालीतून आतल्या गर्भाला साखर पुरवायची, हे तिचं काम. साखर जास्त गेली की दाणा भरतो, तेल वाढतं, पण प्रथिनं कमी होतात. गोम इथंच आहे. तेल गिरणीला हवं, प्रथिनं पेंडीला, आणि दोन्ही एकदम वाढवणं फार अवघड.

आकार न वाढवताही गुणवत्ता सुधारता येते बरं का. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे काही घटक असतात, म्हणून ते उकडून, भाजून वापरावं लागतं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं त्यातला मुख्य घटक नसलेला 'एनआरसी 127' हा वाण दिला. माझ्या मते टपोऱ्या दाण्यापेक्षा ही कामगिरी मोठी, पण बाजारात तिचं कौतुक कमी.

आता आपल्या पेरणीचं. एकरी 30 किलो बियाणं धरा. शंभर दाण्यांचं वजन 10 ग्रॅम असेल तर रानात 3 लाख दाणे पडतात. 14 ग्रॅम असेल तर सव्वादोन लाखही नाहीत. म्हणजे पिशवी तीच, रोपं कमी. शिवाय सोयाबीनची साल पातळ, गर्भ लगेच तिच्याखाली. मळणी यंत्र जोरात फिरलं किंवा पोतं उंचावरून आपटलं, की दाणा वरून धडधाकट दिसतो आणि उगवत नाही. टपोऱ्या दाण्याला हा धोका जास्त.

तेव्हा घरचं असो की विकतचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. आठवडाभरानं 70 चांगले कोंब मोजता आले, तर 30 किलोवर पेरा. थोडे कमी भरले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवा. फारच कमी असतील तर ते बी पेरू नका.