आर्चीच्या दारातली पावलं

श्रोतेहो, नमस्कार.

२०१६ सालचा उन्हाळा आठवा. २९ एप्रिलला ‘सैराट’ हा सिनेमा लागला आणि ९ मेला आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. लेकीबाळी माहेरी आलेल्या, निंबाला झोके टांगलेले, आणि दुपारची कामं आटोपली की सगळं घर थेटरात. आम्हीही असेच जळगावला गेलो होतो. गोष्ट पाटलाच्या आर्चीची आणि खालच्या जातीतल्या परश्याची, घरच्यांविरुद्ध पळून जाऊन संसार थाटणाऱ्यांची. भाषा करमाळ्याकडची, आपली नव्हे, पण कुठं काही अडलं नाही. गाण्यांना पोरं पडद्यापुढं जाऊन नाचली.

मग शेवट आला. शेजारणीनं आर्ची-परश्याच्या लहानग्याला दारापर्यंत आणून सोडलं. आत आई-बाप रक्तात पडलेले. पोर रडायला लागलं आणि सिनेमाचा आवाजच गेला. भरल्या थेटरात मला ऐकू येत होती फक्त भिंतीतल्या कूलरची खडखड. कूलर पहिल्यापासून चालूच होता, गाण्यांच्या नादात आम्हाला तो ऐकू आला नव्हता, एवढंच.

त्या मरणाचं कोडं मला या खडखडीवरून उलगडत गेलं. बाहेर पडताना अनेकजण चिडलेले होते. सगळं सुरळीत झालं होतं, पोर झालं होतं, मग दिग्दर्शकानं उगाच का मारलं, असं म्हणत होते. त्यांचा राग मला समजतो. पण नागराज मंजुळे यांनी ते मरण आयत्या वेळी आणलेलं नाही. आर्चीचा भाऊ प्रिन्स भरवर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो, तो प्रसंग आठवून पाहा. बाप पाटील, हातात सत्ता. पोराला जाब कोण विचारणार? बाप उलट त्याचं कौतुकच करतो. जो हात मास्तरांवर उठला, तो मासेमाराच्या पोरावर, खालच्या जातीतल्या जावयावर उठणार नाही, असं आपण कशावरून धरून चाललो? आपण ते पाहिलं आणि पुढच्या गाण्यात विसरलो. आर्ची-परश्याही हैदराबादला संसारात रमले, तेव्हा विसरले असतील. आपण त्यांच्यासोबत विसरलो, म्हणून तर तो घाव आपल्यालाही बसला.

पण मला सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. आर्ची आईला फोन करते. लेकराचा आवाज आजीला ऐकवते. त्यानंतर भाऊ दारात येतो, तो आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. आर्ची तेव्हा दारापुढं रांगोळी काढत असते. ती त्याला आणि त्याच्यासोबतच्या माणसांना घरात घेते, चहा देते. म्हणजे मरण आलं ते माहेरच्या ओढीच्या वाटेनं. तिनं आईची आठवण काढली नसती, तर कदाचित ती वाचली असती, हा विचार मला अजून सहन होत नाही.

आपल्या खान्देशात हे जास्त लागतं. आखाजीला भाऊ मुऱ्हाळी होऊन, म्हणजे माहेरी न्यायला, बहिणीच्या दारात येतो, तेव्हा ती त्याला पाणी देते, आधी आईची खुशाली विचारते. भावाच्या हातातल्या पिशवीकडं भीतीनं बघायचं, असं कुठल्या बहिणीच्या स्वप्नातही येत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी आजी होती. प्रिन्स चहाचा कप हातात घेऊन बसला, तोवर ती सुखावली होती. शेवटी दिवे लागले तरी ती उठेना. नातीला अहिराणीत एकच विचारत राहिली, “हाऊ भाऊ शे का?” हा भाऊ आहे का?

खून पडद्यावर दाखवलेला नाही, तेही मला फार बरोबर वाटतं. सुरा दाखवला असता तर आपण मारणाऱ्यांकडं बघत बसलो असतो. त्याऐवजी बघायला लागतं ते लेकराकडं. कुणी कुणाला मारलं हे कळण्याच्या वयाचंही ते नाही. त्याला फक्त आई उठत नाही एवढं कळतं.

आणि मग ती पावलं. आपल्याकडं बाया उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढतात, बोटं आतल्या बाजूला. या लेकराची पावलं लाल आहेत, आणि ती घरातून बाहेर जातात.