दगडाच्या मागोमाग

(टेकडीचा रस्ता, ऑलिव्हची झाडं)

फ्लॉरेन्स शहर मागे टाकून थोडं वर चढलं की सेत्तिन्यानो लागतं. पाथरवटांचं गाव. शिल्पकार मायकेलअँजेलो जन्मला १४७५ साली, दूरच्या कापरेझेत. वडील तिथे अंमलदार होते. त्यांची मुदत संपली, बिऱ्हाड परतलं आणि तान्हं पोर इथल्या दाईकडे आलं. ती पाथरवटाची लेक आणि पाथरवटाचीच बायको. छिन्नी-हातोडा आपण दाईच्या दुधाबरोबरच घेतला, असं तो पुढे सांगायचा. आपल्याकडे याला बाळकडू म्हणतात. म्हणून मी त्याची गोष्ट कापरेझेतून नाही, इथून सुरू करतो.

(फ्लॉरेन्स, कॅथीड्रलच्या मागची गल्ली)

इथल्या आवारात संगमरवराचा एक प्रचंड ठोकळा कित्येक वर्षं पडून होता. आधीच्या शिल्पकारांनी हात लावून सोडलेला. १५०१ मध्ये त्याने भोवती फळ्यांचा आडोसा केला आणि तो आत शिरला. १५०४ साली बाहेर आला तो डेव्हिड, पाच मीटरांहून उंच. इथून मुख्य चौक दहा मिनिटांच्या चालीवर. पुतळ्याला तिथे पोहोचायला चार दिवस लागले.

(करारा गाव, संगमरवराच्या खाणी)

हा डोंगर पाहिल्याशिवाय तो माणूस समजत नाही, असं मला मनापासून वाटतं. पोप ज्युलियस दुसरा याच्या समाधीसाठी दगड निवडायला तो १५०५ मध्ये इथे आला आणि आठेक महिने राहिला. पुढच्या पोपने त्याला शेजारच्या सेराव्हेझाच्या डोंगरात धाडलं. तिथे खाणीपर्यंत रस्ताच नव्हता, तोही त्यालाच करून घ्यावा लागला. १५१९ मध्ये दगड उतरवताना लोखंडी कडी तुटली आणि आख्खा खांब चक्काचूर झाला. हा सारा खटाटोप फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी. १५२० मध्ये पोपने कामच रद्द केलं. ती भिंत बघा. आजही उघडी, खडबडीत.

त्याच चर्चच्या पोटात एक चिंचोळी खोली आहे. कोळसा ठेवायची. १९७५ मध्ये तिच्या भिंतींवरचा चुना खरवडला, तेव्हा खाली रेखाटनं निघाली: पाय, चेहरे, धडं. १५३० मध्ये तेव्हाच्या पोपच्या रोषापासून तो इथे लपला असावा, असं म्हणतात. सगळ्या रेघा त्याच्याच, यावर जाणकारांचं एकमत नाही. मला मात्र ते पाय बघून तोच दिसतो. दगड हाती नाही म्हणून भिंतीवर कोळसा ओढणारा.

(रोम, ट्रेजनच्या स्तंभाजवळ)

आयुष्याची शेवटची तीस वर्षं त्याने या भागातल्या घरात काढली. ते घर आता नाही. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, ८८ व्या वर्षी, तो तिथेच गेला. त्याच्या काही दिवस आधीपर्यंत तो एका मूर्तीवर काम करत होता: मृत येशूला सावरून धरणारी मेरी.

(मिलान, स्फोर्झा किल्ला)

ती मूर्ती आता इथे आहे. मूळची रचना त्याने मोडून त्याच दगडातून नवी काढायला घेतली होती. आधीच्या येशूचा एक हात तेवढा राहिला. गुळगुळीत, पूर्ण झालेला, नव्या शरीरापासून सुटा उभा.