खुंट्याला दुसरा हात

(बेळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'मुलं, मोबाईल आणि शिकणं' असा छापलाय. तिथं येणारच आहे मी. पण जरा सुळेभावीवरून येतो.

सुळेभावी आपल्याला काय लांब? तिथं ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी जन्मले, पुढं ज्यांना सगळ्यांनी कुमार गंधर्व म्हणून ओळखलं. घरची भाषा कन्नड, आणि जीव टाकणारे श्रोते मराठी घराघरांत. हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तर हे पोर लहानपणी ग्रामोफोनची तबकडी ऐकायचं आणि त्यातलं गाणं तानांसकट जसंच्या तसं गाऊन दाखवायचं. ७८ ची तबकडी म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. त्याच तबकड्या त्या काळी कितीतरी घरांत वाजत होत्या. यंत्र सगळ्यांना सारखंच ऐकवत होतं की. गळ्यात उतरवून घेणारे मात्र थोडे होते.

हे आधी सांगितलं, कारण यंत्र आलं आणि विद्या गेली असं म्हणणाऱ्यांच्या ओळीत मला बसवू नका. माझं दुखणं वेगळं आहे. ते आमच्या घरातलं आहे.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. आजी पहाटे जात्यावर बसायची. आत्या तिच्यासमोर. एकाच खुंट्याला दोघींचे हात. आजी डाव्या हातानं वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालायची आणि ओवी सुरू करायची, दुसरी ओळ आत्या उचलायची. मी शेजारी गोधडीत. पलीकडच्या कन्नड घरातही पहाटे हेच चालायचं, त्याला ते बीसुवकल्लिन पद म्हणायचे. दोन घरांमध्ये एक मातीची भिंत, आणि अर्धवट झोपेत कुठली भाषा कुठल्या बाजूनं येतीय ते मला कळायचं नाही. पुढं आत्याचं लग्न झालं, ती नंदगडला गेली. गावात गिरण आली. जातं माळ्यावर गेलं. आईच्या खांद्याचं दुखणं गिरणीमुळं थांबलं, म्हणून गिरणीबद्दल माझ्या तोंडून वाईट शब्द निघणार नाही.

१९८३ साली थोरल्या भावानं टू-इन-वन आणला, रेडिओ आणि कॅसेटचा टेप एकत्र. मी नुकता मास्तर झालो होतो. मनात आलं, आजीच्या ओव्या टेप करून ठेवाव्यात. नवी कॅसेट आणली, आजीला खुर्चीवर बसवलं, लाल बटण दाबलं आणि म्हटलं, "म्हण आता." आजी गप्प. मला वाटलं लाजली. तर म्हणाली, "जात्याबिगर कशी यायची रे ओवी? हात फिरला की येती ती."

मग माळ्यावरून जातं उतरवलं. त्याची टाकी, म्हणजे दगडाला छिन्नीनं दिलेला खरखरीतपणा, गेली होती, ती लावून घेतली. चार मुठी नाचणी काढली. समोर बसायला आत्या नव्हती, म्हणून आईला बसवलं. आणि काय सांगू तुम्हाला, दगड फिरायला लागला तशी आजी ओवीमागून ओवी म्हणत गेली. माहेराची, भावाची, आमच्या वरच्या अंगाच्या पावसाची, मलप्रभेच्या पुराची. ओवी कधी संपते ते मला त्या दिवशी कळलं. वैरण संपली की जात्याचा आवाज बदलतो, कोरडा होतो. त्या वेळी हात घासाकडं जातो आणि आवाज श्वास घेतो. म्हणजे ओवीचा ताल त्या दगडात होता! छापलेली ओवी वाचताना हा श्वास सापडत नाही, म्हणून तर ती कधीकधी सपाट वाटते.

दोन संध्याकाळी टेप केलं. कॅसेटवर नाव आणि तारीख लिहिली, ती ट्रंकेत ठेवली. आणि इथं माझी चूक झाली. कॅसेट ट्रंकेत गेली तसं मला वाटलं, काम झालं. ओव्या घरात सुरक्षित आहेत. आजी त्यानंतर चार वर्षं होती. त्या चार वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, "आजी, मला एक शिकव." आईही नाही, बहिणीही नाहीत. टेप केलंय की, मग घाई काय!

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. कणकुंबीकडून येतो तेव्हा भिंतींनाही बुरशी धरते. १९९६ ला कॅसेट काढली तर फीत पांढरी पडून चिकटलेली. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं जपून सोडवायला हवी होती, त्यानं ओढली. तीन तुकडे झाले. दुकानाच्या पायरीवर मी किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

पुढच्या दिवाळीत आत्या आली. तिला हे सांगत होतो. ती भाकऱ्या थापत होती, त्या थापण्याच्या तालावर तिनं आजीची पहिली ओवी सुरू केली. मग दुसरी. चाळीसेक ओव्या झाल्या असतील. काहींत नंदगडच्या शेजारणींकडून आलेले कन्नड शब्द मिसळलेले, अव्वा, तंगी असे. आत्यानं काहीच टेप केलं नव्हतं. तिनं फक्त समोरून खुंटा धरला होता.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतायत. ठीक आहे, मुलांकडं येतो.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ते काम झालं नसतं तर आपण भिकारी झालो असतो. म्हणजे साठवून ठेवायलाच हवं. पण साठवणं आणि शिकणं ही दोन कामं आहेत, आणि फोन पहिलं काम इतक्या झटकन करतो की दुसरं झालंच असं वाटतं. वर्गात मुलं फळ्याचा फोटो काढतात. लिहून घेत नाहीत. उत्तर यंत्राला विचारतात, ते येतं, ते जपून ठेवतात. माझी कॅसेट मला त्या प्रत्येक फोनमध्ये दिसते.

आणि त्याच फोनचं दुसरं रूपही घरातच पाहिलं. गेल्या पावसाळ्यात नातीला घेऊन चोर्ल्याच्या बाजूला गेलो होतो. पहाटे ओढ्याकाठी कस्तूर शीळ घालत होता. निळाकाळा पक्षी, माणसानं सहज गुणगुणावं तशी त्याची शीळ. पोरीनं फोनवर ती धरली, पक्षी ओळखणाऱ्या ॲपवर नाव पाहिलं. मला वाटलं, झालं, गेली ट्रंकेत. पण ती चार दिवस ती शीळ लावून स्वतः शीळ घालत होती. स्वतःची टेप करायची, दोन्ही लागोपाठ ऐकायची, "आजोबा, इथं मी खाली येते, तो येत नाही," म्हणायची. पाचव्या दिवशी तिला ओढ्याच्या आवाजातही तो दुरून ओळखू यायला लागला. तबकडी ऐकणाऱ्या त्या सुळेभावीच्या पोराचंच हे काम नव्हे काय?

आणि कुमारजींचं तिथं थांबलं नाही. मुंबईत प्रा. देवधरांकडं वर्षानुवर्षं शिक्षण झालं, मग क्षय झाला, १९४८ पासून देवासला अंथरुणावर. गाणं बंद. तेव्हा त्यांनी काय केलं? माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. त्या लोकधुनांतून पुढं त्यांचे धुनउगम राग आले. एक फुफ्फुस निकामी झालेला माणूस पुन्हा गायला उभा राहिला तो हे सगळं घेऊन.

दुसरी चिठ्ठी. थांबतो.

आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. रविवारी मी नातीला घेऊन नंदगडला निघालोय. जातं गाडीत चढवलंय, टाकी लावून घेतलीय. फोन नातीच्या खिशात असेल. पण तिला सांगून ठेवलंय, आधी आत्याआजीच्या समोर बसायचं आणि खुंटा धरायचा.