घर बंद, पत्ता अपुरा, मयत

(पुण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘शहराचं वार्तापत्र वाचकांपर्यंत कसं पोचवावं?’ मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली नऊ सत्कारात गेली. नारळ मात्र चांगला आहे, वाजवून पाहिला.

आमचं वार्तापत्र तुम्हाला ठाऊक आहेच. आठ पानं, महिन्यातून एकदा. पाणी कुठल्या गुरुवारी बंद, कुठल्या झाडावर तोडायची नोटीस लागली, पीएमपीची कुठली बस अचानक दुसऱ्याच रस्त्यानं जायला लागली. लिहिणं सोपं आहे. निदान आम्हाला, वाचणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं. खरी पंचाईत अंक छापून आल्यावर सुरू होते.

कोथरूडच्या एका सोसायटीची गोष्ट सांगतो. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी कृपया आधी हसू नये. पाच इमारती, १२० घरं. गेटवरचा रक्षक म्हणाला, “काका, वर कशाला चढता? केबिनमध्ये ठेवा, मी देतो ना.” मी खूश. गुडघे वाचले! ऑगस्टपासून जूनपर्यंत, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गठ्ठा केबिनमध्ये. जुलैच्या रविवारी धो धो पाऊस लागला म्हणून पहिल्यांदाच आत शिरलो. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली जूनचा अंक, आठपदरी घडी घालून. चहाच्या ग्लासाखाली मे महिना. आणि कोपऱ्यात सुतळीसुद्धा न सोडलेले गठ्ठे एकावर एक रचून, वर पोतं टाकून झकास बैठक केलेली. रक्षक भला माणूस. म्हणाला, “काका, भिजलात, बसा.” आणि मी माझ्याच अग्रलेखांवर बसलो. चहाही प्यायलो.

राग त्याचा नाही आला. बारा तासांची ड्यूटी करून वर पाच जिने कोण चढेल? राग याचा आला की अकरा महिन्यांत १२० घरांतून एकाही माणसानं ‘अहो, अंक आला नाही’ असा फोन केला नाही. आमची ही म्हणाली, “यातच काय ते समजा.” समजलो. पण मी म्हणतो, आपण कसे आहोत ते राहू द्या, मुळात अंक पोचत नाहीये हे मला अकरा महिने कळू नये?

आता टपालाचं बघा. अंक परत येतो तेव्हा वेष्टनावर पोस्टमननं काहीतरी खरडलेलं असतं. ‘घर बंद’. ‘पत्ता अपुरा’. ‘सोडून गेले’. एकदा आला, ‘मयत’. नवी पेठेतले आजोबा. तीनच महिन्यांपूर्वी त्यांनी आमच्या अंकातल्या शुद्धलेखनाच्या सतरा चुका लाल शाईनं काढून पाठवल्या होत्या. आम्ही दोघं भेटून आलो. सूनबाई म्हणाल्या, अंक बंद करू नका, आता माझ्या नावानं पाठवा. हल्ली चुका त्या काढतात. हिरव्या शाईनं.

टपालाचा विषय निघालाच आहे तर एक सांगू दे. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवी होते. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४११ म्हटलं की पुणं. इतकं नेमकं करून दिलंय, तरी आपली मंडळी अजून ‘पुणे ३०’ लिहितात आणि वर सांगतात, पोस्टमन ओळखतो हो आम्हाला.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’, खाली दोन रेघा. बरं, मुख्य विषय.

व्हॉट्सअ‍ॅप. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण मावतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश जातो. बाकीच्यांपुढे एकच टिक, आणि का ते कुणी सांगत नाही. केबिनच ती! आम्हाला हे सहा महिन्यांनी उमगलं. ग्रुपमध्ये १०२४ माणसं घेता येतात, पण अंक सकाळच्या गुलाबांखाली गाडला जातो.

एसएमएस देवनागरीत ७० अक्षरांचा. तेवढ्यात आमच्या अध्यक्षांची पदंसुद्धा बसत नाहीत.

ईमेल. हा गुणी. पत्ता चुकला, पेटी भरली, की बहुतेक वेळा परत येऊन सांगतो. पोस्टमनचा शेराच तो. खोड एकच, जीमेल १०२ केबीच्या, म्हणजे साधारण लाखभर बाइटच्या, पुढचा मजकूर झाकून ठेवतं. आणि इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा पुरते, तर देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. क, हलन्त आणि ष मिळून झालेला एकटा ‘क्ष’ नऊ! इंग्रजी अंक मावतो तिथे आपला कापला जातो. आमचं पाणीकपातीचं वेळापत्रक शेवटच्या पानावर असायचं. आता पहिल्या ओळीत असतं, अग्रलेख खाली गेला. तक्रार कुणाचीच नाही.

तर ठरलंय ते असं. मुख्य अंक ईमेलनं, ज्यांना ईमेल नाही त्यांना टपालानं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त तातडीच्या दोन ओळी. गठ्ठा कुठेही ठेवायचा नाही. खर्चाचं बोलायचं राहिलं. खजिनदार मागे बसलेत, त्यांना चहाच्या वेळी गाठा.

दारापाशी कागद ठेवलेत. नाव, पत्ता, ईमेल लिहा, आमचा नंबर आत्ताच सेव्ह करा. पिन सहाही आकडे. ‘पुणे ३०’ लिहिलेले कागद शेरा मारून परत येतील.