डाव्या बाजूची रेघ

स्क्रीनवर हा पांढरा उलटा त्रिकोण दिसतोय ना, ती गर्भपिशवी. तिच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघालीय बघा, ती बीजवाहक नळी. खालून औषध सोडलंय, एक्स-रेत ते पांढरं दिसतं, नळी मोकळी असली की टोकाला जाऊन पोटात धुरासारखं पसरतं. उजवीकडे पसरलंय. डावीकडे मात्र रेघ सुरूच होत नाहीये.

पाळी संपली की लगेच करतात नळ्या मोकळ्या आहेत का बघायची ही टेस्ट, पाच-दहा मिनिटांचं काम, पण कळ येते, बऱ्यापैकी येते, आणि "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यांनी एकदा टेबलावर झोपून बघावं.

नळी जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर. बीज आणि शुक्राणू भेटतात ते इथेच, पिशवीत नाही, मग आतली बारीक लव त्या गर्भाला ढकलत ढकलत तीन-चार दिवसांनी पिशवीत आणून सोडते. ही लव खराब झाली की नळी उघडी असूनही उपयोग नाही.

खराब होते कशाने? इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस म्हणजे पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढणं, पोटाचं एखादं जुनं ऑपरेशन, आणि आपल्याकडे टीबी. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो, पण हे जंतू फुफ्फुसातून रक्तावाटे नळ्यांत जाऊन बसतात, ना ताप ना खोकला, कधी पाळी कमी होते कधी तेवढंही नाही, आणि लग्नाला चार-पाच वर्षं होऊन पाळणा हलला नाही म्हणून तपासायला गेलं की तेव्हा कळतं. गोळ्यांच्या कोर्सने टीबी बरा होतो, पण चिकटलेली नळी त्याने सुटेलच असं नाही.

मग नळीला वगळूनच जायचं. आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर जुळवून गर्भ थेट पिशवीत सोडणं, मुळात यासाठीच आलं. असं जन्मलेलं जगातलं पहिलं बाळ, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये 25 जुलै 1978 ला जन्मली, तिच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. टेस्ट ट्यूब बेबी हे नाव तसं फसवंच, काम होतं पसरट काचेच्या डिशमध्ये. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली, आणि त्यांनी तर गर्भ गोठवून ठेवून मग वापरला होता, जे आज सगळीकडे करतात. सरकारी समितीने ते खोटं ठरवलं, पुढे त्यांची बदली झाली डोळ्यांच्या संस्थेत. 1981 च्या जूनमध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

पुढे 6 ऑगस्ट 1986 ला परळच्या केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांचं काम, देशातली पहिली म्हणून हीच नोंद झाली. पण 1997 मध्ये मुखर्जींचे कागद वाचून स्वतः आनंद कुमार म्हणाले की पहिला मान त्यांचा. आपल्या नावावरचा नंबर असा उठून दुसऱ्याला देणारी माणसं किती असतात सांगा.

बाहेर बाकावर नवरेमंडळी बसलीत. वीर्याची तपासणी ना दुखत ना फार पैसे लागत, बायकोला या टेबलावर झोपवायच्या आधी ती व्हायला हवी, पण घरात आधी फाईल बनते ती सुनेचीच, आणि हळदीकुंकवाला कोपऱ्यात बसते तीही सूनच.

पण थांबा, डॉक्टरांनी औषध थांबवलंय. भीतीने किंवा कळेने नळीचं तोंड नुसतं आवळलं तरी फिल्मवर ब्लॉक दिसतो, खरा ब्लॉक नसतानाही. टेबलावरच्या बाईला लांब श्वास घ्यायला सांगितलाय. नर्सने हात धरलाय तिचा. दोन मिनिटांनी अजून एक फिल्म.

हां, निघाली रेघ. डावीकडची. हळूच.